आईस्क्रीम वितळलं म्हणून होडीला मोटर लावली, आज कंपनी बंद आहे तरी त्याच्या मोटरी चालतायत

कपाशीवर फवारणीची वेळ आली की वऱ्हाडातल्या कितीतरी घरात एक सीन ठरलेला असतो.

मागच्या हंगामात कोठ्यात ठेवलेला पेट्रोलवरचा फवारणी पंप बाहेर निघतो. धूळ झटकली जाते. टू-टी ऑइल मिसळलेलं पेट्रोल टाकीत जातं. आणि मग सुरू होतो दोरी ओढायचा कार्यक्रम. एकजण थकला की दुसरा ओढतो. खांदा निखळायची वेळ येते, पण पंप काही फुर्र करत नाही.

शेवटी पंप गाडीवर टाकून अकोट, दर्यापूर नाहीतर मूर्तिजापूरच्या मेकॅनिककडे न्यायचा. तो इंजिनाला हातही लावत नाही. सरळ कार्बोरेटर खोलतो आणि आतला पिवळट, चिकट थर दाखवतो. आठ महिने तसंच पडून राहिलेल्या पेट्रोलचा तो थर असतो. तो साफ झाला की दुसऱ्या ओढीला पंप सुरू.

आता गंमत बघा. अमेरिकेत शंभर वर्षं जुन्या होडीच्या मोटरी जमवणारे आणि त्या पुन्हा चालू करणारे हौशी लोक आहेत. त्यांचीही पहिली लढाई याच चिकट थराशी असते. इंजिन शाबूत असतं, पण पेट्रोलची वाट बंद झालेली असते.

या मोटरींवर हमखास सापडणारं एक नाव म्हणजे एव्हिनरूड.

कंपनीचं नाव वाटतं, पण ते एका माणसाचं आडनाव आहे. ओले एव्हिनरूड. शेतकऱ्याचा पोरगा, शाळा लवकर सुटलेला, लाकडाचे साचे बनवणारा कारागीर. त्याने होडीच्या मागे लटकणारी मोटर जगभर पोचवली. त्याचीच ही गोष्ट.

आधी ही मोटर म्हणजे काय ते समजून घेऊ

पूर आला की बचाव पथकाच्या रबरी बोटी तुम्ही टीव्हीवर पाहिल्या असतील. त्या बोटीच्या मागच्या कडेला एक मोटर अडकवलेली असते. इंजिन वर, पंखा खाली पाण्यात. एक माणूस दांडा धरून ती डावी-उजवीकडे वळवतो आणि बोटही वळते.

तिला आउटबोर्ड मोटर म्हणतात. बचाव पथकातले लोक थोडक्यात ओबीएम म्हणतात. आउटबोर्ड म्हणजे बोटीच्या बाहेर बसवलेली. काम झालं की स्क्रू ढिले करायचे, मोटर काढायची आणि घरी न्यायची.

आज हे साधं वाटतं. पण एकोणिसाव्या शतकात होडीला इंजिन लावायचं म्हणजे होडीच्या पोटात जड धूड बसवावं लागायचं. ते श्रीमंतांचं काम. बाकीच्यांनी वल्ही मारायची.

तळ्याकाठचं शेत आणि बापाने मोडलेली होडी

ओलेचा जन्म १९ एप्रिल १८७७ चा, नॉर्वेतला. तो पाचेक वर्षांचा असताना घरच्यांनी अमेरिका गाठली आणि विस्कॉन्सिन राज्यात केंब्रिज नावाच्या गावाजवळ शेती धरली. शेताजवळ रिप्ली नावाचं तळं होतं.

पोराला शेतीपेक्षा पाणी आणि यंत्रं जास्त आवडायची. बापाला वाटायचं पोराने शेतात राबावं. असं सांगतात की ओलेने चोरून शिडाची होडी बनवायला घेतली, तेव्हा बापाने ती मोडून चुलीत घातली. पोराने मग दुसरी बनवली. ती पाण्यात तरंगली आणि बापाचा विरोध मावळला.

सोळाव्या वर्षी ओलेने घर सोडलं आणि मॅडिसन शहरात यंत्रांच्या कामाला लागला. दिवसा कारखान्यात काम आणि रात्री इंजिनिअरिंगची पुस्तकं, असं त्याचं शिक्षण झालं. पुढे पिट्सबर्ग, शिकागो अशा शहरातल्या कारखान्यांत हात काळे करत तो मिलवॉकीला आला.

तिथे तो पॅटर्नमेकर म्हणून काम करायचा. धातू ओतायच्या आधी त्या भागाचा हुबेहूब लाकडी नमुना बनवावा लागतो. तो बनवणारा कारागीर म्हणजे पॅटर्नमेकर. एक सूतभर चूक झाली तर पुढचा अख्खा घाण वाया. हे काम पुढे त्याला फार उपयोगी पडलं.

१९०० च्या सुमारास त्याने भागीदारीत स्वतःचं छोटं दुकान काढलं आणि पेट्रोलची इंजिनं बनवायला लागला. काम चांगलं होतं, पण हिशोब आणि पत्रव्यवहार म्हटला की ओलेचं डोकं चालायचं नाही. इंग्रजीत पत्र लिहायचं तर त्याला घाम फुटायचा.

शेजारी बेस कॅरी नावाची मुलगी राहायची. ती व्यवसायाचं शिक्षण घेत होती. ती त्याची पत्रं टाइप करून द्यायला लागली, हळूहळू हिशोबही तिच्याकडे आला. १९०६ मध्ये दोघांचं लग्न झालं.

आणि मग ते आईस्क्रीम

किस्सा असा सांगितला जातो. उन्हाळ्याचे दिवस होते. बहुतेक ठिकाणी १९०६ चा ऑगस्ट सांगतात. मिलवॉकीजवळच्या ओकाउची तळ्यात एका बेटावर ओले, बेस आणि मित्रमंडळींची सहल गेली होती. दुपारी बेसला आईस्क्रीम खावंसं वाटलं.

ओले निघाला वल्ही मारत. दुकान होतं चारेक किलोमीटर लांब. आईस्क्रीम घेतलं, परत वल्ही मारायला लागला, वरून ऊन. तो बेटावर पोचला तेव्हा आईस्क्रीमचं दूध झालेलं होतं.

वल्ही मारताना त्याच्या डोक्यात चक्र फिरायला लागलं. इंजिन तर आपण बनवतोच, मग ते होडीच्या मागे लटकवलं तर?

आता हा किस्सा कंपनीने पुढे जाहिरातीसाठी भरपूर वापरला, त्यामुळे त्याला थोडं मीठमसाला लागला असणार हे गृहीत धरा. आणखी एक गोष्ट, आउटबोर्ड मोटर जगात सगळ्यात आधी ओलेनेच बनवली असं नाही. फ्रान्समधल्या गुस्ताव त्रुव्हेने १८८१ मध्ये विजेवर चालणारी मोटर होडीला लावली होती. अमेरिकेत कॅमेरॉन वॉटरमनही ओलेच्या आधी पेट्रोलवरची आउटबोर्ड मोटर विकत होता.

मग ओलेने वेगळं काय केलं? त्याची मोटर साधी होती, दणकट होती आणि सामान्य माणसाला उघडून दुरुस्त करता येण्यासारखी होती.

कॉफी दळायचं यंत्र

पहिलं मॉडेल पाहून बेसला ते कॉफी दळायच्या यंत्रासारखं वाटलं. दिसायला होतंही तसंच.

रचना मात्र डोक्याने केलेली होती. सगळ्यात वर आडवं फिरणारं फ्लायव्हील, त्याखाली एक सिलिंडर, तिथून उभा दांडा पाण्यात आणि खाली गिअर लावून पंखा. हीच मांडणी पुढे जगभर चालली. आजच्या रबरी बोटीच्या मोटरचा सांगाडाही तसाच असतो.

सुरू करायला दोरी नव्हती. फ्लायव्हीलवर एक मूठ होती, ती धरून हाताने गरकन फिरवायचं. इंजिन सुरू झालं की मूठही फिरायची. हात वेळेत काढला नाही तर बोटं फुटलीच समजा.

इंजिन टू-स्ट्रोक होतं. आपल्या लूनासारखं, फवारणी पंपासारखं. त्यात ऑइलचा वेगळा खजिना नसतो, म्हणून ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. भाग कमी, वजन कमी, बिघाड कमी.

तरी ही मोटर २८ किलोची होती, म्हणजे ६२ पौंड. ताकद दीड हॉर्सपॉवर. किंमतही ६२ डॉलरच.

एका मित्राने तळ्यावर चालवून बघायला म्हणून मोटर नेली आणि येताना दहा ऑर्डरी घेऊन आला, असं सांगतात. १९०९ मध्ये पहिली २५ मोटरींची बॅच निघाली. १९११ मध्ये पेटंट मिळालं.

धंदा उभा केला तो बेसने. वल्ही फेकून द्या अशा अर्थाची जाहिरात तिनेच लिहिली. ती छापून आली आणि टपालाने चौकशांचा पाऊस पडला. न्यूयॉर्कमधल्या एका डॅनिश निर्यातदारामार्फत मोटरी उत्तर युरोपातल्या कोळ्यांपर्यंत पोचल्या. ज्या देशातून ओले चार-पाच वर्षांचा असताना निघाला होता, तिकडच्या होड्यांवर आता त्याचं आडनाव होतं.

भांडवल कमी पडायला लागलं तेव्हा ख्रिस मेयर नावाचा भागीदार आला. कारखाना वाढला. ओले यंत्राकडे बघायचा आणि बेस धंद्याकडे.

स्वतःची कंपनी विकावी लागली

सगळं जोरात असताना बेसची तब्येत ढासळली. घरात लहान पोरगा, ऑफिसचा पसारा आणि रात्रंदिवस काम. ती आजारी पडली आणि ओलेच्या लक्षात आलं की तिच्याशिवाय हा गाडा आपल्याला ओढता येणार नाही.

१९१३-१४ च्या सुमारास त्याने आपला हिस्सा मेयरला विकून टाकला. करारात अट होती, पाच वर्षं या धंद्यात पाय ठेवायचा नाही.

विचार करा. मोटरवर स्वतःचं आडनाव, आणि तीच मोटर बनवायला आपल्याला बंदी. पण ओलेने बेसला घेऊन प्रवास केला, गाडीने आणि बोटीने अमेरिका पालथी घातली. हळूहळू बेसची तब्येत सुधारली.

डोकं मात्र रिकामं बसत नव्हतं. जुनी मोटर जड होती, उचलून नेताना माणूस वाकायचा. ओलेने ॲल्युमिनियम वापरून दोन सिलिंडरची नवी मोटर आखली. वजन २२ किलोच्या आसपास आणि ताकद तीन हॉर्सपॉवर. म्हणजे वजन कमी आणि ताकद दुप्पट.

मुदत संपल्यावर तो ही मोटर घेऊन आधी मेयरकडेच गेला. मेयर नाही म्हणाला.

मग १९२१ मध्ये नवरा-बायकोने पुन्हा शून्यातून कंपनी काढली. स्वतःचं आडनाव तर विकलेलं होतं. म्हणून एव्हिनरूड लाइट ट्विन आउटबोर्ड या शब्दांची आद्याक्षरं जोडून नाव ठेवलं, एल्टो. हे नाव बेसनेच शोधलं होतं.

एल्टो चालली. इतकी चालली की एव्हिनरूड नावाच्या जुन्या कंपनीलाच घाम फुटला. १९२९ मध्ये एल्टो, जुनी एव्हिनरूड आणि लॉकवुड नावाची तिसरी कंपनी एकत्र आल्या आणि नव्या कंपनीचा अध्यक्ष झाला ओले. विकलेलं आडनाव पंधरा वर्षांनी घरी परत आलं.

पण वर्ष होतं १९२९. त्याच वर्षी अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला आणि महामंदी आली. लोकांना खायचे वांधे, होडीची मोटर कोण घेणार? ओलेने पगार घेणं बंद केलं आणि घरचा पैसा कंपनीत घातला. कंपनी तगली.

१९३३ मध्ये बेस गेली. वय पन्नाशीच्याही आत. पुढच्याच वर्षी, १२ जुलै १९३४ ला, ओलेही गेला. तो ५७ वर्षांचा होता.

कंपनी गेली, मोटरी राहिल्या

कारभार मुलाकडे, राल्फकडे आला. १९३६ मध्ये जॉन्सन ही प्रतिस्पर्धी कंपनीही त्यात आली आणि आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन उभं राहिलं. कित्येक दशकं ही जगातली मोठी मोटर कंपनी होती.

डिसेंबर २००० मध्ये तिचं दिवाळं निघालं. नाव कॅनडाच्या कंपनीने घेतलं आणि २०२० मध्ये तिनेही एव्हिनरूड मोटरी बनवणं थांबवलं.

म्हणजे आज एव्हिनरूडची नवी मोटर बनत नाही. पण जुन्या चालतायत. अमेरिकेत १९६५ पासून जुन्या आउटबोर्ड मोटरी जपणाऱ्यांचा क्लबच आहे. कुणाच्या आजोबांच्या गोदामात पितळी मोटर सापडते, ती खोलली जाते, साफ केली जाते आणि पुन्हा तळ्यात उतरवली जाते.

आता या लोकांचं खरं काम कशात असतं, ते बघू. कारण इथेच आपल्या फवारणी पंपाचा संबंध येतो.

जुन्या मोटरींमध्ये पेट्रोल पंप नसायचा. टाकी वर, कार्बोरेटर खाली, पेट्रोल आपोआप उतरायचं. कार्बोरेटरच्या वाटीत एक तरंगणारा तुकडा असतो, त्याला फ्लोट म्हणतात. वाटी भरली की फ्लोट वर येतो आणि सुई पेट्रोलचं भोक बंद करते. पेट्रोल कमी झालं की फ्लोट खाली, भोक उघडं. घराच्या छतावरच्या पाण्याच्या टाकीत बॉलकॉक असतो ना, अगदी तसंच.

त्या काळी हा फ्लोट बुचाच्या लाकडाचा असायचा. पेट्रोल आत मुरू नये म्हणून त्यावर लाखेचा थर द्यायचे. होय, तीच लाख, जी पळस-कुसुमाच्या झाडांवर किडे तयार करतात. त्या काळात जगभर जाणारी लाख मुख्यतः भारतातूनच जायची. म्हणजे विस्कॉन्सिनच्या तळ्यात फिरणाऱ्या मोटरीच्या पोटात बहुधा आपल्याकडच्या जंगलाचा एक पातळ थर होता.

लाख पेट्रोलमध्ये विरघळत नाही. पण अल्कोहोलमध्ये विरघळते.

आणि आताच्या पेट्रोलमध्ये अल्कोहोल असतं. इथेनॉल म्हणजे अल्कोहोलच. आपल्याकडे ई-ट्वेंटी पेट्रोल आलंय, त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. अमेरिकेतही साध्या पेट्रोलमध्ये ते मिसळलेलं असतं. असं पेट्रोल शंभर वर्षं जुन्या मोटरीत टाकलं की लाख सुटते, बूच पेट्रोल पितं, जड होऊन बुडतं, सुई भोक बंद करत नाही आणि पेट्रोल बाहेर वाहायला लागतं.

म्हणून दुरुस्ती करणारे बुचाचा फ्लोट वाळवतात, त्यावर इथेनॉलला दाद न देणारा नवा थर देतात किंवा सरळ बंद छिद्रांच्या फोमचा फ्लोट कापून बसवतात.

बाकी कामही असंच बारीक असतं. जेटचं भोक चोकअप झालं तर त्यात पोलादी तार घालायची नाही. भोक केसभर मोठं झालं तरी पेट्रोल जास्त जातं आणि मोटर धुराडं होते. क्लिनरमध्ये भिजवायचं, हवेने फुंकायचं. आपल्याकडचे जुने लूना मेकॅनिकही हेच सांगतात.

सुई कोणी जोर लावून घट्ट केली असेल तर तिच्या टोकावर रिंगण उमटलेलं असतं. मग ती घासून सरळ करायची किंवा नवी खरादून घ्यायची. टाकीत गंज असेल तर आत नट-बोल्ट किंवा खडे टाकून ती हलवत बसायचं. सुकलेली पॅकिंग बदलायची. जुन्या टू-स्ट्रोकला ऑइलही जास्त लागतं. आजच्या ५० ला १ च्या हिशोबाने चालत नाही, बहुतेक जुन्या मोटरींना १६ लिटर पेट्रोलला एक लिटर ऑइल घालतात. कमी पडलं तर आतले बुश जळतात.

हे सगळं करायला कंपनीचं सर्व्हिस सेंटर लागत नाही, कॉम्प्युटर लागत नाही. पाना, खराद मशीन, थोडा संयम आणि स्वच्छ कापड एवढं पुरतं.

ओलेची मोटर शंभर वर्षांनी चालते त्याचं कारण ती कधी बिघडत नाही असं नाही. ती बिघडते, पण दुरुस्त करता येते. बनवणारा स्वतः लाकडाचे साचे कोरणारा कारागीर होता, त्यामुळे दुसऱ्या कारागिराला कळेल अशी त्याने ती बनवली. म्हणून बनवणारी कंपनी दोनदा संपली तरी मोटर संपली नाही.

आज आपल्या हातात येणाऱ्या किती वस्तूंबद्दल असं म्हणता येईल? कंपनी बंद झाली की मोबाईल, टीव्ही, ई-बाईक यांचं काय होणार, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे. आणि सुटे भाग नसतानाही जुनी मशीन चालू करून देणारा अमरावती-अकोल्याच्या गल्लीतला मेकॅनिक किती मोलाचा आहे, हेही यातून कळतं.

जाता जाता एक कामाची गोष्ट. फवारणीचा हंगाम संपला की पंप तसाच कोठ्यात टाकू नका. टाकी रिकामी करा, पेट्रोलचा कॉक बंद करा आणि पंप आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. कार्बोरेटरमधलं उरलेलं पेट्रोल जळून जाईल. आताचं इथेनॉलवालं पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे ते आत राहिलं तर थर आणि गंज दोन्ही होतात.

पाच मिनिटांचं काम आहे. पुढच्या हंगामात खांदा वाचेल.